वरच्या जागेची भरती: नाव नेमकं कुठे गळतं

चाकण, रांजणगाव, वाळूज, सिन्नर या पट्ट्यातल्या कारखान्यांना प्लांट हेड, फायनान्स हेड, एचआर हेड शोधून देणं हे आमचं काम. पहिल्या बैठकीपासून जॉइनिंगपर्यंत पाच-सहा महिने जातात, त्यातले तीन नोटीस पिरियडचेच. हल्ली बहुतेक कंपन्या सुरुवातीलाच सांगतात, 'या वेळी डायव्हर्सिटी बघा.' आणि सहा महिन्यांनी त्या खुर्चीत आधीच्याच कॉलेजचा, आधीच्याच वयाचा, आधीच्याच वर्तुळातला गृहस्थ येऊन बसतो. मधल्या काळात कुणी कुणाला मुद्दाम नाकारलेलं नसतं. नावं एकेका टप्प्यावर गळत गेलेली असतात आणि गळालेल्या नावांची नोंद कुणी ठेवलेली नसते.

म्हणून पहिलं काम नोंदवहीचं. साधी एक्सेल शीट पुरते. प्लांट हेडच्या शोधात सुरुवातीला साधारण १२० ते १५० नावं निघतात. त्यातल्या साठ-सत्तर जणांना फोन होतो, पंचवीसेक जण बोलायला तयार होतात, दहा-बारा जणांशी आम्ही तासभर बसतो, पाच जण कंपनीसमोर जातात, शेवटी दोन उरतात. जे नाव जिथे थांबलं तिथे तारीख, थांबवणाऱ्याचं नाव आणि एका वाक्यात कारण लिहायचं. 'योग्य वाटले नाहीत' हे कारण चालत नाही. दर शुक्रवारी कंपनीच्या एचआरसोबत ही वही वाचायची. तिसऱ्या आठवड्यापर्यंत दिसायला लागतं की बायकांची नावं एका ठिकाणी थांबतात, गावाकडच्या कॉलेजातून आलेल्यांची दुसऱ्या ठिकाणी, पन्नाशी ओलांडलेल्यांची तिसऱ्याच. प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा असतो.

पहिली बैठक

सगळ्यात जास्त नावं इथे गळतात, एकही फोन होण्याआधी. १९७४ साली टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं आणि सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, हे सर्वांना ठाऊक आहे. तसं वाक्य आता कुणी छापत नाही. ते इतर अटींमध्ये विरघळून गेलंय. वय ४० ते ४८, नामवंत संस्थेची पदवी, उत्पादनात सलग २० वर्षं, युनियन हाताळलेली, कडक शिस्तीचा माणूस, लगेच रुजू होणारा. पहिल्या बैठकीत अशा बारा-चौदा अटी सहज समोर येतात.

एकेक अट घेऊन विचारायचं: हे नसेल तर कारखान्यात नेमकं काय बिघडेल? 'सलग २० वर्षं' या अटीमुळे बाळंतपणासाठी, आजारपणासाठी, आई-वडिलांसाठी वर्ष-दोन वर्षं थांबलेले सगळे बाहेर जातात. कंपनीला खरं हवं असतं ते वेगळंच: अमुक कोटींच्या कारखान्याचा खर्च, दर्जा आणि वेळेवर पुरवठा यांची जबाबदारी किमान दोन वर्षं एकट्याने पेललेली असावी. तेच लिहायचं. 'युनियन हाताळलेली' ही अट त्याहून चकवणारी. वाटाघाटींच्या टेबलावर बायकांना सहसा बसवलं जात नाही आणि पुढे अनुभव नाही म्हणून नाकारलं जातं. खोदून विचारलं की कळतं, पुढच्या वर्षी वेतनकरार संपतोय, एवढीच चिंता आहे. मग अट अशी होते: दोन पक्षांचा वाद लेखी करारापर्यंत नेलेला असावा. तो वाद कामगारांशी असो, पुरवठादाराशी असो की ग्राहकाशी.

'नामवंत संस्था' म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका प्रवेश परीक्षेचा निकाल. कऱ्हाड, अमरावती, नांदेड, लोणेरे इथून शिकून, किंवा पॉलिटेक्निकनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन इंजिनिअर झालेली मंडळी आज मोठमोठे कारखाने चालवताहेत. पदवी कुठली हे पंचेचाळिशीच्या माणसाबद्दल फारच थोडं सांगतं. घरात त्या वेळी किती पैसा आणि किती माहिती होती, हे मात्र चांगलंच सांगतं.

मराठीच्या अटीवर मतभेद होतात. आमचं मत स्पष्ट आहे. शॉपफ्लोअरवरच्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलता येणं ही प्लांट हेडच्या कामातली खरी गरज आहे, ती लिहायलाच हवी. फक्त ती 'मराठीत बोलता येणं किंवा सहा महिन्यांत शिकणं' अशी लिहायची. नाहीतर ती आडनावाची अट होऊन बसते.

आपल्या भाषेचीही एक खोच इथे आहे. 'प्लांट सांभाळणारा माणूस हवा' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर पुरुषच उभा राहतो. 'ही व्यक्ती तीन वर्षांत दुसरी लाइन उभी करेल' किंवा 'त्यांनी नवा प्रकल्प वेळेत सुरू केलेला असावा' असं लिहिलं की चित्र मोकळं राहतं. आदरार्थी अनेकवचनाची सोय मराठीत आयती आहे, ती जेडीमध्ये, म्हणजे पदाच्या लेखी वर्णनात, आणि बैठकीतल्या बोलण्यातही वापरता येते.

बैठक संपताना चौदा अटींच्या पाच उरल्या पाहिजेत, आणि प्रत्येकीपुढे ती कशावरून तपासायची हे लिहिलेलं पाहिजे. पगाराचा पट्टाही त्याच दिवशी ठरवून घ्यायचा. कारण पुढे येईल.

शुल्काची गोष्ट उघड बोलायला हवी. आमच्या धंद्यात शुल्क बहुधा तीन हप्त्यांत मिळतं: काम घेताना, शॉर्टलिस्ट दिल्यावर आणि जॉइनिंगनंतर. शेवटच्या हप्त्याची ओढ लागली की सल्लागार ओळखीच्या, पटकन 'हो' म्हणणाऱ्या नावांकडे वळतो. म्हणून दुसरा हप्ता नोंदवही पूर्ण असण्याशी आणि शॉर्टलिस्टच्या रचनेशी जोडून घ्यावा असं आम्ही कंपनीलाच सुचवतो. हेतू कितीही चांगला असला तरी पैसे ज्या दिशेला तिकडेच पावलं वळतात.

यादी

यादीचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे कंपनीच्या एमडींच्या (व्यवस्थापकीय संचालकांच्या) आणि आमच्या ओळखीतली नावं. त्या रस्त्याने आलेली नावं एकाच वर्तुळातली निघतात. त्यामुळे ओळखीतून आलेली नावं एकूण यादीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ठेवायची नाहीत, आणि त्या रकान्यात 'ओळख' असं स्पष्ट लिहायचं.

जात आम्ही विचारत नाही आणि लिहीतही नाही. पण जात नाहीच असं समजून चालणंही खरं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्या टीममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला देतो. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावांचा. सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना पुढे बोलावण्याची शक्यता कमी निघाली, मुसलमान नावांना त्याहून कमी. २०१२ च्या आणखी एका अभ्यासात देशातल्या १००० मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळं तपासली, तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त संचालक उच्चवर्णीय आढळले.

जात न विचारता करता येतं ते एवढं: नावं कुठून आली याचे स्रोत मोजायचे. दीडशेतली शंभर नावं चार कॉलेजं आणि सहा कंपन्यांतून आली असतील तर यादी अपुरी आहे, पुन्हा बसायचं. खासगी सल्लागार सहसा पाहत नाहीत अशी एक मोठी जागा आहे: सार्वजनिक क्षेत्र. तिथल्या भरतीत आरक्षण असल्यामुळे दलित, आदिवासी समाजांतले वरिष्ठ अधिकारी तिथे घडले आहेत. खडकी, देहूरोड, अंबाझरी, भंडारा, वरणगाव, भुसावळ इथल्या आयुध निर्माणी, रेल्वेची वर्कशॉप, भेल, भारत इलेक्ट्रॉनिक्स. हजारो माणसांचं उत्पादन सांभाळलेले लोक इथे आहेत. आयुध निर्माणींच्या २०२१ साली सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून तिथल्या अधिकाऱ्यांना ताळेबंदाची भाषाही जवळची झाली आहे. अडचण अशी की त्यांचे सीव्ही सरकारी धाटणीचे असतात: पदनाम, वेतनस्तर, बदलीचं गाव. काम किती मोठं होतं हे त्यातून उमगत नाही. त्यांच्यासोबत तासभर बसून माणसं किती, यंत्रं किती, खर्च किती, रिजेक्शन (बाद होणारा माल) किती होतं आणि किती केलं, हे आकडे काढून द्यायचे. तसं बसलं नाही तर ही नावं पुढच्याच पायरीवर पडतात.

बायकांसाठी शेजारच्या खुर्च्या पाहाव्या लागतात. 'प्लांट हेड' एवढंच पदनाम शोधलं तर हाताच्या बोटांवर नावं निघतात. दर्जा, सप्लाय चेन, प्रोग्रॅम मॅनेजमेंट यांच्या प्रमुख, किंवा दुप्पट मोठ्या कारखान्यातल्या क्रमांक दोनच्या अधिकारी पाहिल्या की यादी भरते. औषधनिर्माण आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत उत्पादनातल्या वरिष्ठ बायका वाहन उद्योगापेक्षा लवकर सापडतात.

नाव, फोटो, वय, पत्ता आणि कॉलेज झाकून सीव्ही वाचायची पद्धत पहिल्या चाळणीत उपयोगी आहे. झाकणारा आणि वाचणारा वेगळा हवा. तरीही शिष्यवृत्तीचं नाव, वसतिगृहाचं नाव, 'महिला' शब्द असलेला पुरस्कार यांतून माणूस दिसतोच, तेही झाकावं लागतं. दोघांनी स्वतंत्रपणे पाच अटींवर गुण द्यायचे आणि फरक मोठा असेल तिथेच चर्चा करायची. वरच्या पदांवर याची मर्यादाही आहे. उद्योग लहान असतो, अमुक कंपनीचा तमुक प्रकल्प म्हटलं की पॅनेल माणूस ओळखतं. पहिल्या चाळणीपुढे झाकण्यात वेळ घालवू नये.

फोन आणि पगार

पहिल्या फोनवर 'मी अजून तयार नाही', 'माझा युनियनचा अनुभव नाही' असं उत्तर आलं तर बरेच सल्लागार नावावर काट मारतात. आम्ही नव्या पाच अटी मेलने पाठवून चार दिवसांनी पुन्हा फोन करतो. अटी वाचल्यावर बऱ्याच जणींचं आणि जणांचं मत बदलतं. संध्याकाळी सात ते नऊ फोन टाळायचे. गाव बदलायची तयारी, जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा हे विचारायचं असेल तर प्रत्येक उमेदवाराला विचारायचं, त्याच शब्दांत. फक्त बाईला विचारणं हा भेदभाव आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, बदली, बढती आणि पगारात महिलांशी भेदभाव करायला मनाई आहे, वेतन संहितेतही लिंगावरून पगार आणि भरतीत भेद करता येत नाही.

जेडीची फाइल स्कॅन केलेलं चित्र असेल तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ती वाचू शकत नाही. अंध उमेदवाराचं नाव तिथेच गळतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. टाइप केलेला मजकूर पाठवायचा. शिवाय प्रत्येकाला एक ओळ विचारायची: या बोलण्यासाठी, मुलाखतीसाठी काही व्यवस्था हवी आहे का? ज्यांना नको ते नको म्हणतात, दहा सेकंद जातात.

सध्याचा पगार विचारायचा नाही. आपल्याकडे तो विचारायला कायद्याने बंदी नाही, त्यामुळे सगळेच विचारतात आणि त्यावर तीस टक्के चढवून ऑफर देतात. ज्यांना पहिल्या नोकरीपासून कमी मिळालं त्यांचं ते कमीपण असं प्रत्येक नोकरीत सोबत येतं. उलट पॅनेलला वाटतं, एवढ्या कमी पगारावर आहेत म्हणजे काम लहानच असणार. पट्टा पहिल्या दिवशी ठरलेला असेल तर तो उमेदवाराला सांगायचा आणि एवढंच विचारायचं: यात बसतं का?

किती नावं समोर जावीत

पाचात एक बाई ठेवली की काम झालं असं कंपन्यांना वाटतं. एकटं नाव 'ती डायव्हर्सिटीवाली' होऊन बसतं, उरलेले चौघे 'उमेदवार'. २०१६ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ५९८ अंतिम उमेदवारांचा अभ्यास मांडला. अंतिम यादीत एकच बाई असेल तर तिच्या निवडीची शक्यता जवळजवळ शून्य होती, दोन असल्या की चित्र झपाट्याने बदलत होतं. म्हणून पाचात किमान दोन. कायद्याचा अनुभवही तेच शिकवतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांवर एक महिला संचालक बंधनकारक केली, तेव्हा कित्येक ठिकाणी प्रवर्तकांच्या घरातलीच बाई मंडळावर आली. पुढे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने मोठ्या ५०० सूचिबद्ध कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून स्वतंत्र महिला संचालक नेमायला लावली.

मुलाखत

चार जणांचं पॅनेल, ७५ मिनिटं, सहा प्रश्न, सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. पाच म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय, हे आधी लिहिलेलं. उदाहरणार्थ, 'ग्राहकाने लाइन थांबवली तेव्हा पहिल्या २४ तासांत काय केलंत?' या प्रश्नाला दोन गुण म्हणजे काय व्हायला हवं होतं ते सांगितलं. पाच म्हणजे स्वतः काय ठरवलं, कुणाला कळवलं, नुकसान किती झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे आकड्यांनिशी सांगितलं.

गुण लिहून होईपर्यंत पॅनेलने एकमेकांशी बोलायचं नाही, आणि एमडींनी सर्वांत शेवटी बोलायचं. हे दोन नियम सगळ्यात जास्त मोडले जातात. उमेदवार दाराबाहेर पडताच एमडी 'छान आहे हो' म्हणतात आणि उरलेल्या तिघांच्या पेन्सिली तिकडे झुकतात. उपाय सोपा आहे: गुणपत्रिका खोलीतच गोळा करायची, आणि ती घेणारी व्यक्ती आमची.

मग 'फिट' हा शब्द येतो. 'सगळं ठीक आहे, पण आपल्यात फिट होतील असं वाटत नाही.' तिथे थांबून विचारायचं: मुलाखतीत नेमकं काय ऐकलंत किंवा पाहिलंत? उत्तर कामाशी जुळलं तर ते गुणपत्रिकेत जातं. उत्तर नसेल तर ते वहीत तसंच लिहायचं: कारण दिलं नाही. लिहिलं जाणार म्हटल्यावर हा शब्द फार कमी वेळा बाहेर येतो.

हॉटेलातलं रात्रीचं जेवण हा निवडीचा भाग नको. दारू न पिणारे, उपास-रोजे करणारे, घरी लहान मूल असलेले, कमी ऐकू येणारे, या सगळ्यांची तिथे वेगळीच परीक्षा होते. कारखान्याची फेरी मात्र हवीच, आणि त्याआधी आम्ही स्वतः ती वाट चालून बघतो. प्रॉडक्शन ऑफिसच्या मजल्यावर बायकांचं स्वच्छतागृह आहे का, व्हीलचेअर कुठे अडते, सेफ्टी शूज लहान मापाचे आहेत का. शूज नाहीत म्हणून बाई उमेदवाराला फेरीत बाहेर उभं राहावं लागलं तर त्यातून तिला जे समजायचं ते समजतं.

रेफरन्स

वहीतल्या दोन नावांपर्यंत आलं की खरा धोका मागच्या दाराने येतो. एमडी त्यांच्या मित्राला फोन लावतात आणि उत्तर येतं, 'हुशार आहे, पण जरा जास्तच ॲग्रेसिव्ह.' पुरुषाबद्दल हेच वागणं 'ठाम' असतं. असा फोन थांबवता येत नाही, पण त्यातून आलेल्या विशेषणाचा हिशोब मागता येतो: कुठला प्रसंग, काय म्हणाल्या, काम बिघडलं की झालं? दोन्ही उमेदवारांसाठी तेच प्रश्न, प्रत्येकाचे तीन रेफरन्स, त्यांतला एक तरी हाताखाली काम केलेला. सध्याच्या कंपनीत ऑफर स्वीकारेपर्यंत फोन नाही.

ट्रान्सजेंडर उमेदवाराच्या बाबतीत पडताळणी करणारी एजन्सी जुन्या पदवीवरचं जुनं नाव अहवालात छापते आणि तो अहवाल दहा जणांना जातो. हे आधीच अडवावं लागतं. जुनं नाव एजन्सीतल्या एकाच व्यक्तीकडे, अहवालात फक्त आताचं नाव आणि 'पदवी बरोबर' एवढाच शेरा. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यानुसार नोकरीत भेदभावाला मनाई आहे आणि आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तो नेमला आहे का, हे आम्ही ऑफर निघण्याआधी विचारतो.

जॉइनिंगनंतर

जॉइनिंगनंतरच्या शंभर दिवसांकडे लक्ष दिलं नाही तर आधीची मेहनत वाया जाते. नव्या प्लांट हेडना कळतं की निर्णय साडेसहाच्या चहाला, सिगारेटच्या कट्ट्यावर होतात आणि सकाळच्या बैठकीत फक्त वाचून दाखवले जातात. म्हणून एमडींकडून लेखी घ्यायचं: पहिल्या शंभर दिवसांत कारखान्याविषयीचा कुठलाही निर्णय ठरलेल्या बैठकीबाहेर होणार नाही, आणि जुने विभागप्रमुख थेट एमडींना फोन करणार नाहीत. दुसरी गोष्ट पाळायला कठीण आहे, कारण पंधरा वर्षांची सवय असते. एमडींनी तीन-चार वेळा 'हे त्यांच्याशी बोला' म्हटलं की ती सुटते.

अपंग अधिकाऱ्यासाठी लागणाऱ्या साधनांचा खर्च त्यांच्या विभागाच्या बजेटमधून कधीही काढू नये. तिथून काढला की प्रत्येक वस्तूला सहकाऱ्यांच्या नजरा चिकटतात. तो मुख्य कार्यालयाच्या खात्यात टाकायचा. खर्चही वाटतो तेवढा नसतो, एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर तर मोफत मिळतो. अडतं ते कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर: ज्या बटणांना नावच दिलेलं नाही ती स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. जॉइनिंगआधी आयटीला महिनाभर द्यावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण करावं लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात योग्य पदांची यादी, सोयी आणि संपर्क अधिकारी हेही लागतं. बऱ्याच ठिकाणी ते इंटरनेटवरून उतरवलेलं असतं आणि संपर्क अधिकाऱ्याच्या जागी नोकरी सोडून गेलेल्याचं नाव असतं. लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीचंही तसंच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला आणि एक बाहेरची सदस्य, ही रचना कागदावर असते. शेवटची बैठक कधी झाली, हे विचारायचं.

तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी आम्ही नव्या अधिकाऱ्यांशी अर्धा तास बोलतो, एचआरशिवाय. विचारायचं एवढंच: कुठला निर्णय तुम्हाला उशिरा कळला, कुठली माहिती मागावी लागली, कुणाचं सहकार्य मिळत नाही. उत्तरं त्यांच्या परवानगीनेच एमडींकडे जातात.

आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवाराला निकालाच्या दिवशीच फोन, मेल नव्हे. सहा प्रश्नांपैकी कुठे कमी पडलं ते गुणांसकट सांगायचं आणि पुढच्या शोधासाठी नाव ठेवू का, हे विचारायचं. 'हो' आलं तर पुढच्या प्लांट हेडच्या वहीत पहिली ओळ तीच असते.